ज्याची त्याची लाईन

सहकारी बँक घ्या, साखर कारखाना घ्या, नाही तर विद्यापीठ घ्या. मुख्य कार्यालयात एक खोली अशी असतेच, की जिच्या दारावर पाटी नसते, पण दाराखालच्या फटीतून बारा महिने गार वारा येतो. मे महिन्यात त्या खोलीत शिरायला चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे निमित्त शोधत असतात. आत गेल्यावर मात्र तेच लोक बाहेर पडायला निमित्त शोधतात. कारण आत एक माणूस बसलेला असतो आणि कुणी नुसतं ‘काय, कसं काय?’ म्हटलं, तरी तो पांढऱ्या फळ्याकडे वळून मार्करचं टोपण काढतो.

हा नेटवर्कवाला. दक्षिण महाराष्ट्रात याला अण्णा म्हणतात, पुण्यात सर म्हणतात, मुंबईत ‘ते आयटीतले’ म्हणतात. माणूस तोच. कॉम्प्युटरवाला वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नये. कॉम्प्युटरवाल्याकडे लोक माऊस चालत नाही म्हणून जातात आणि नवा माऊस घेऊन परत येतात. नेटवर्कवाल्याकडे लोक ‘नेट स्लो आहे’ म्हणून जातात आणि ‘नेट म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न घेऊन परत येतात.

आमच्या बँकेतले अण्णा म्हणजे या जातीचा अस्सल नमुना. भर उन्हाळ्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण सर्व्हर रूमचा एसी अठरावर. गळ्यात फिकट निळी चपटी कन्सोल केबल. राउटरला जोडून काम झालं की पुन्हा गळ्यात. खिशात टेस्टर, मार्कर आणि एक पुडी. पुडीत तंबाखू असेल म्हणून नवीन माणूस आशेने हात पुढे करतो, तर तळहातावर आरजे-फोर्टीफाइव्हचे चार कनेक्टर पडतात.

अण्णांच्या भाषेत काहीही ‘बंद पडत’ नाही. टनेल ‘बसतो’ आणि ‘उठतो’. पोर्ट ‘झोपतं’. लिंक ‘फ्लॅप होते’. पलीकडचा राउटर हा ‘नेबर’ असतो आणि तो ‘जातो’. ‘कराडचा नेबर पहाटे गेला,’ हे अण्णांचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या कॅशियरबाईंनी ‘किती वय होतं हो?’ असं हळहळून विचारलं होतं. अण्णांनी सरळ उत्तर दिलं, ‘आठ वर्षं. पॉवर सप्लाय उडाला.’ हर्नियाच्या ऑपरेशननंतर आम्ही भेटायला गेलो, तर उशीवरून मान न हलवता म्हणाले, ‘लिंक अप, प्रोटोकॉल डाऊन.’

हे सगळं वरवरचं झालं. अण्णांचा खरा उद्योग वेगळाच आहे. बँकेच्या साठ शाखांच्या साठ मॅनेजरांना ‘आपली लाईन स्वतंत्र आहे’ असं वाटत ठेवणं, हा तो उद्योग. आटपाडीच्या मॅनेजरना विचारा, जतच्या विचारा, शिराळ्याच्या विचारा. प्रत्येक जण छातीठोक सांगेल, की आमच्या शाखेतून थेट पुण्याच्या डेटा सेंटरपर्यंत आमची स्वतःची लाईन आहे. कागदावर तसं आहेही. प्रत्येक शाखेचं सर्किट वेगळं, त्याला नंबर वेगळा. शाखेत पुन्हा खातेदारांचं काम एका सर्किटवर, एटीएम यंत्र दुसऱ्यावर, कॅमेरे तिसऱ्यावर, फोन चौथ्यावर. एकाचा डेटा दुसऱ्यात जात नाही, एकाला दुसरा दिसत नाही.

प्रत्यक्षात मुख्य कार्यालयातून पुण्याला जाते ती लिंक एकच. तिच्यावर एक टनेल बांधलेला, आणि ही सगळी सर्किटं त्याच एका टनेलातून जातात. शाखांना प्रत्येकी दोन एमबीपीएस कबूल केलेले. साठ शाखांची बेरीज होते एकशेवीस. पुण्याला जाणारी लिंक आहे पन्नासची. ही वजाबाकी बँकेत फक्त अण्णांना ठाऊक, आणि तिच्या जोरावर ते शांत झोपतात. ‘एकशेवीस कधी लागत नाहीत,’ ते म्हणतात. ‘सगळ्या गावांचा बाजार एका वारी भरतो का?’ कुठल्या शाखेत दूध संघाची दहा दिवसांची बिलं कधी जमा होतात, उसाचा हप्ता कधी पडतो, शिक्षकांचे पगार कधी होतात, हे अण्णांना त्या शाखेच्या मॅनेजरपेक्षा पक्कं माहीत. पंचांगात तिथी बघावी तसे ते आलेख बघतात आणि सांगतात, ‘उद्या साडेदहाला विट्याची गर्दी. चालंल, त्या वेळी जत मोकळं असतंय.’

एका लिंकवर इतकी सर्किटं एकमेकांत न मिसळता कशी जातात, हे विचारायची चूक नवीन रुजू झालेला प्रत्येक क्लार्क एकदा करतो. मग मार्करचं टोपण निघतं. फळ्यावर पहिल्यांदा एक ढग येतो. टेलिकॉम कंपनीचं जाळं दाखवायचं असलं की जगभरचे नेटवर्कवाले ढगच काढतात. आत काय चाललंय ते कंपनी सांगत नाही आणि बिल मात्र ढगातूनच येतं. ढगाच्या आरपार दोन समांतर रेघा, म्हणजे टनेल. आणि मग अण्णा, जे वर्षाआड माउलींच्या पालखीबरोबर चालतात, मार्कर खाली ठेवून विचारतात:

‘आळंदी ते पंढरपूर रस्ता किती?’

‘एक.’

‘आणि दिंड्या?’

‘पुष्कळ.’

‘मग मिसळतात का? रथापुढच्या दिंडीचा टाळकरी रथामागच्या दिंडीच्या पंगतीला बसतो का? नाही. कारण प्रत्येक दिंडीला नंबर आहे. आता नीट ऐक. रथापुढची सात नंबर वेगळी, रथामागची सात नंबर वेगळी. नुसतं ‘सात नंबरची दिंडी कुठाय?’ म्हणून विचारत फिरलास तर दिवेघाटात रात्र काढशील. दोन्ही सांगावं लागतं. रथापुढं का मागं, आणि नंबर कितवा.’

क्लार्कला वाटतं, संपलं. पण अण्णा आता कुठे रस्त्याला लागलेले असतात.

‘तुमच्या घरी पूर्वी बीएसएनएलचा ब्रॉडबँड होता का?’

‘होता की.’

‘मोडेममध्ये काय भरायचा?’

इथे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा हात आपोआप वर जातो. २००५ साली डेटावन आल्यापासून ज्याच्या ज्याच्या घरी तो मोडेम आला, त्याला ‘शून्य-पस्तीस’ पाठ. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. मोडेम रिसेट झाला की शेजारचा मुलगा यायचा, दोन चौकटींत हे दोन आकडे भरायचा आणि चहा पिऊन जायचा. ते काय आहेत हे कुणी कुणाला विचारलं नाही. अण्णा सांगतात, की तो दिंडीचाच नंबर. व्हीपीआय म्हणजे रथापुढं की मागं, व्हीसीआय म्हणजे कितवी. तुमच्या घरातून एक्स्चेंजपर्यंत जे आभासी सर्किट जायचं, त्याचा तो पत्ता. त्या तंत्राचं नाव एटीएम. पैशाच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही, हे बँकेत असल्यामुळे अण्णांना प्रत्येक वेळी वेगळं सांगावं लागतं.

या एटीएमवर अण्णांचा विशेष लोभ. त्यात डेटा ५३ बाइटच्या सारख्या तुकड्यांत जायचा. ४८ बाइट माल आणि ५ बाइट पत्ता. आता ४८ च का? तर १९८० च्या दशकात हे मानक ठरत होतं तेव्हा अमेरिकेची बाजू म्हणाली ६४ पाहिजेत, युरोपची बाजू म्हणाली ३२ बास. अडून बसले. शेवटी दोन्हींच्या बरोबर मधला आकडा काढला. कुणालाच नको होता तो कायम झाला. ‘एवढी मोठी माणसं, जगभरातनं आलेली,’ अण्णा भारावून म्हणतात, ‘पण ठराव बघा, आपल्याच संचालक मंडळाचा वाटतोय.’

मग एल-टू-टीपी, म्हणजे टनेल बांधायची पद्धत. मायक्रोसॉफ्टची एक पद्धत, सिस्कोची एक पद्धत, दोन्हींचं मिळून १९९९ साली हे एकच मानक झालं. त्यातही दिंडीसारखाच दुहेरी नंबर, टनेलचा वेगळा आणि आतल्या सेशनचा वेगळा, प्रत्येकी सोळा बिटांचा. २००५ साली तिसरी आवृत्ती आली. सेशनचा नंबर बत्तीस बिटांचा झाला. आमच्या बँकेत आहे ती हीच. ‘बत्तीस बिटं म्हणजे किती सर्किटं, सांग?’ क्लार्क गप्प. अण्णा फळ्यावर आकडा लिहितात: ४२९,४९,६७,२९६. ‘चारशे एकोणतीस कोटी! त्यातला शून्य नंबर राखीव, तो टनेलच्या स्वतःच्या कारभाराला. बाकी सगळे आपले.’ हे सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते आमच्या बँकेच्या ठेवींचा आकडा वाचताना चेअरमनांच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

इतक्या ज्ञानाचा बँकेला उपयोग काय, असं वाटत असेल तर जत शाखेच्या सह्यांचं प्रकरण ऐका.

एका सोमवारी जतहून फोन आला. ‘अण्णा, खातं उघडतंय, शिल्लक दिसतीय, पण सही दिसंना.’ चेक घेऊन लोक काउंटरला उभे. खातेदाराचं नाव दिसतं, पत्ता दिसतो, सहीच्या चौकटीत मात्र गोल चक्र फिरतंय. तासाभरात शिराळ्याचा फोन, मग आटपाडीचा. सगळीकडे तेच. आकडे येतात, चित्र येत नाही. मुख्य कार्यालयात ताबडतोब पाच मतं तयार झाली. सॉफ्टवेअरवाल्यांनी स्कॅनरवर ढकललं, स्कॅनरवाल्यांनी सॉफ्टवेअरवर. एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, सह्या जुन्या झाल्यात, नव्याने घ्या. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं: पिंग, मायनस एफ, मायनस एल, १४७२. म्हणजे १४७२ बाइटचं चाचणीचं पॅकेट, तुकडे न करता. पलीकडे, फायरवॉलच्या अलीकडच्या राउटरला.

गेलं नाही. १४००. गेलं. १४५०. नाही. १४२५. नाही. १४२२. गेलं. १४२३. नाही.

‘सापडलं,’ अण्णा म्हणाले आणि फळ्याकडे वळले. नेहमीच्या जाळ्यावर एका पॅकेटला १५०० बाइटची मर्यादा. पण टनेलात घालायचं म्हणजे त्याच पॅकेटवर आणखी वेष्टनं चढतात: बाहेरच्या आयपी पत्त्याचे २०, सेशनच्या नंबरचे ४, भलतंच पॅकेट आत घुसू नये म्हणून जी कुकी असते तिचे ८, आतल्या इथरनेटचे टॅगसकट १८. एकूण ५०. लिंकवर जागा १५०० ची, म्हणजे आतल्या मालाला उरले १४५०. पिंगच्या आकड्यात त्याचे स्वतःचे २८ मोजले जात नाहीत; ते मिळवा, १४२२ चे बरोबर १४५० होतात. शिल्लकेचा आकडा लहान पॅकेटात मावतो, म्हणून जतला पोचतो. सहीचं चित्र मोठं, सर्व्हर त्याची १५०० ची पूर्ण भरलेली पॅकेटं करतो आणि वर ‘तुकडे करू नयेत’ असा शेराही मारतो. टनेलच्या तोंडाशी राउटर म्हणतो, मावत नाही आणि मोडायची परवानगी नाही. टाकून देतो.

‘पण मग टाकून दिल्याचं सर्व्हरला कळवत का नाही?’ हा बरोबर प्रश्न आमच्या कॅशियरबाईंनी विचारला. त्या दिवसापासून अण्णा त्यांना मॅडम म्हणतात.

कळवतो. राउटर उलट निरोप पाठवतो: ‘१४५० च्या वर चालणार नाही, लहान करून पाठव.’ सर्व्हर शहाणा असतो, ऐकतो. पण आदल्याच आठवड्यात बँकेचं सिक्युरिटी ऑडिट झालं होतं. टाय घातलेले एक तरुण ऑडिटर येऊन गेले होते आणि ‘आयसीएमपी सरसकट बंद करावे’ असा शेरा लिहून गेले होते. पिंग आयसीएमपीवर चालतं, म्हणून आयसीएमपी म्हणजे पिंग, आणि पिंग म्हणजे चोराने दार वाजवून बघणं, असा त्यांचा हिशेब. शेऱ्याची अंमलबजावणी डेटा सेंटरच्या माणसांनी फायरवॉलवर शनिवारी रात्री केली. राउटरचा निरोपही आयसीएमपीच. तो फायरवॉलपाशी मेला. सर्व्हर आपला पाठवतोय, राउटर टाकतोय, जतला चक्र फिरतंय.

ऑडिटरना फोन लावला. अण्णांनी त्यांना राउटरच्या त्या निरोपाचा नंबर, टाइप तीन, कोड चार, समजावून सांगितला. ऑडिटर म्हणाले, ‘अहो, पण बेस्ट प्रॅक्टिस आहे.’ मग अण्णांनी पुन्हा दिंडी काढली.

‘साहेब, वारीत मुक्कामाला समाज आरती असते. चोपदार चोप वर करतो, सगळे टाळ गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असंल, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. तुम्ही काय केलंत, तर आवाजाचा त्रास होतोय म्हणून टाळच काढून घेतले. आता तक्रार कुणाचीच नाही. आणि जेवण कुणाला मिळालं नाही, ते कुणाला कळतही नाही.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारणा झाली, ‘हे आम्हाला लेखी मिळेल का?’ मिळालं. तो एक निरोप फायरवॉलवर मोकळा झाला, शिवाय अण्णांनी राउटरवर पॅकेटातल्या मालाची मर्यादाच १४१० करून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी टाळ काढून घेतले तरी चित्रं जातील. दुपारी जतला सह्या दिसू लागल्या. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी नव्या सह्या घेण्याचं परिपत्रक तोवर काढलेलं होतं. ते मागे घेण्याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही.

नेटवर्कवाल्याच्या वाट्याला येणारं दुसरं दुखणं म्हणजे जेसीबी. बँकेने खबरदारी म्हणून पुण्याच्या लिंकला राखीव अशी आणखी एक लिंक दुसऱ्या कंपनीकडून घेतली होती. एके दिवशी पुलाच्या कामावर जेसीबीचा पंजा खाली गेला आणि दोन्ही लिंका एकाच क्षणी बसल्या. चौकशीअंती कळलं, की दुसऱ्या कंपनीने तेवढ्या टप्प्यात पहिलीचीच फायबर भाड्याने घेतली होती. बिलं दोन, तार एक. संचालक मंडळ खवळलं. अण्णांनी त्यांना ३० जानेवारी २००८ ची गोष्ट सांगितली: भूमध्य समुद्रात इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग अशा दोन वेगवेगळ्या मालकीच्या केबल तुटल्या आणि इकडे भारतातलं इंटरनेट लंगडायला लागलं. कंपन्या वेगळ्या असल्या तरी समुद्राची वाट तीच. ‘तिथं त्यांचं तसं झालं, आपलं तर पुलाखाली झालंय,’ अण्णा म्हणाले. संचालकांना भूमध्य समुद्राच्या बरोबरीने आपलं नाव आल्याचं बरं वाटलं आणि बॅकअपसाठी टॉवरवरची रेडिओ लिंक मंजूर झाली.

प्राधान्याचं प्रकरणही असंच. लिंक सामायिक असली की कोण आधी जाणार हे ठरवावं लागतं. फोनवरचा आवाज थांबून चालत नाही, म्हणून त्याच्या पॅकेटांवर ४६ हा आकडा असतो; राउटर तो बघतो आणि त्यांना पुढे सोडतो. ही बातमी कशी कोण जाणे फुटली. आठवड्याभरात क्लिअरिंगचा अर्ज आला, ‘आम्हांस ४६ मिळावा.’ मग वसुलीचा. मग हजेरीच्या यंत्रासाठी आस्थापना विभागाचा. एका हुशार अधिकाऱ्याने खोलात जाऊन अभ्यास केला, हा आकडा ६३ पर्यंत जातो हे शोधून काढलं आणि थेट ६३ मागितला. मोठा आकडा म्हणजे मोठा मान, असं धरून. अण्णांनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: ‘आपल्या विभागास योग्य तो प्राधान्यक्रम देण्यात आला आहे.’ एकही आकडा बदलला नव्हता. चार विभागांकडून आभाराची पत्रं आली.

आणि मग आले नवे जीएम साहेब. पारदर्शकतेवर त्यांची श्रद्धा. अण्णांच्या खोलीत आले, आलेख बघितले, हरखले. ‘हे तुम्ही एकटे का बघता? सगळ्यांना दिसू दे!’ अण्णांनी पहिल्यांदाच फळ्याकडे न वळता हात जोडले. ‘साहेब, नको.’ पण बोर्डरूमबाहेर मोठा टीव्ही लागला. साठ शाखा, साठ रंगीत पट्ट्या. कोण या क्षणी किती लाईन वापरतंय, सगळ्यांना उघड. शाखांनाही त्यांच्या संगणकावर तेच दिसायला लागलं.

त्या दिवशी साठ मॅनेजरांना पहिल्यांदा कळलं, की लाईन एकच आहे.

दुपारी विट्याचा फोन: ‘शिराळ्याला एवढं कशाला? त्यांच्या ठेवी आमच्या निम्म्याही न्हाईत.’ शिराळ्याचा फोन: ‘विटेकर आमच्यावर नजर ठेवून आहेत, हे बरोबर न्हाई.’ आटपाडीच्या मॅनेजरनी रीतसर पत्र दिलं, की आमचा हक्काचा वाटा जत खातंय. सोबत पट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो. इतकी वर्षं त्याच लिंकवरून या सगळ्यांचं काम बिनतक्रार चाललं होतं. लिंक तीच, वेग तोच, गर्दीची वेळ तीच. काल ‘आज जरा स्लो आहे’ म्हणून जो माणूस चहाला उठायचा, तो आता ‘कोण खातंय?’ म्हणून टीव्हीसमोर उभा राहायला लागला.

खरा घोटाळा पुढेच झाला. कुणीतरी अफवा सोडली, की ज्यांची पट्टी लहान राहील त्यांची लाईन एप्रिलपासून कमी होणार. सरकारी अनुदान मार्चअखेर कसं संपवतात हे ज्यांनी आयुष्यभर बघितलंय, त्या माणसांना आणखी काही सांगावं लागत नाही. शाखाशाखांतून बिनकामाचे व्हिडिओ सुरू झाले. एका शाखेत दिवसभर कुस्त्यांचे फड लागले, एकीत कीर्तन. एकीत तर निव्वळ पट्टी वाढावी म्हणून तीच एक मोठी फाइल उतरवायची, पुसायची, पुन्हा उतरवायची असं काम शिपायाला नेमून दिलं. पन्नासची लिंक, जी दिवसातून कशीबशी चाळीसला टेकायची, ती सकाळी अकराला तुडुंब. पैशाची यंत्रं अर्ध्यावर हात वर करायला लागली. साठ जणांनी एका वारी बाजार भरवला.

मला त्या आठवड्यात अण्णा जसे दिसले तसे कधी दिसले नाहीत. फळा पुसलेला, मार्करला टोपण. ‘वाटून खाताना माणसाला काही वाटत नाही हो,’ ते म्हणाले. ‘शेजारी बसून खातोय हे दिसलं, की त्याला दुसऱ्याचं ताट मोजावंसं वाटतं.’

उपाय त्यांनी शुक्रवारी रात्री केला. टीव्ही काढला नाही. तो काढला असता तर जीएम साहेबांची पारदर्शकता उघडी पडली असती. त्यांनी फक्त प्रत्येक शाखेला तिचा स्वतःचाच आलेख दिसेल अशी सोय केली. आणि आलेखाची उभी मोजपट्टी आपोआप जुळणारी ठेवली, म्हणजे शाखेचा वापर कितीही असो, आलेख चौकटीच्या छतापर्यंत जाणारच. सोमवारी साठच्या साठ शाखांना आपापली पट्टी उंच दिसली. शेजाऱ्याची दिसली नाही. कुस्त्या थांबल्या, कीर्तन थांबलं, शिपाई चहा आणायला मोकळा झाला. विट्याच्या मॅनेजरनी आवर्जून फोन केला: ‘अण्णा, आता कसं स्वतंत्र लाईन असल्यासारखं वाटतंय.’ जीएम साहेबांनी पुढच्या बैठकीत पारदर्शकतेमुळे नेटवर्क सुधारल्याचं निवेदन केलं आणि ते इतिवृत्तात नोंदलं गेलं.

हे यश चेअरमनांच्या कानावर गेलं. ऑनलाइन बैठकीत त्यांचं तोंड ऐन भाषणात उघडंच्या उघडं गोठतं, ही त्यांची जुनी तक्रार. अण्णांना बोलावणं आलं. ‘मला स्वतःची लाईन पाहिजे. कुणाच्यात न्हाई. आणि नंबर एक पाहिजे.’ पूर्वीचे अण्णा असते तर तिथेच फळा मागवला असता. या वेळी नुसते ‘होय साहेब’ म्हणाले.

काम चार मिनिटांचं होतं, पण आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं. टनेलात एक नंबरचं सेशन काढलं, नाव दिलं ‘चेअरमन व्हीआयपी’. टनेल तोच, लिंक तीच, प्राधान्य होतं तेच. आठव्या दिवशी दोन माणसं पाठवून भिंतीपासून चेअरमनांच्या टेबलापर्यंत नवी कोरी लालभडक केबल ओढली आणि जाता जाता, वर्षभर खिडकीच्या ग्रिलमागे दबलेला त्यांचा वायफायचा डबा उचलून कपाटावर ठेवला.

बैठकीत चेअरमन लख्ख दिसले. ‘बघा! स्वतःची लाईन म्हणजे स्वतःची लाईन,’ ते सगळ्यांना म्हणाले आणि लाल केबल कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. संध्याकाळी व्हाइस चेअरमनांचा अण्णांना फोन आला. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, दोन नंबर रिकामा आहे का.

‘आहे की, साहेब,’ अण्णा म्हणाले. ‘तुमच्यासाठीच ठेवलाय. आणि बाकी संचालकांनाही सांगा, घाई नको. चारशे एकोणतीस कोटी शिल्लक आहेत.’